उरलेल्या धगेवरची भांडी

"पाव गेला घरोघरी, मागे राहिली गं धग,
आण बाई तुझं भांडं, नको करू तगमग!"

हा आवाज माझ्या सासूबाईंचा. मी त्यांची सून होण्याच्या कितीतरी आधी, दोन वेण्या उडवत गल्लीत हुंदडत होते, तेव्हा तो मी पहिल्यांदा ऐकला. जाडाभरडा, धुराने जरासा खरवडलेला, पण सुरात असा पक्का की दुपारी डोळा लागलेली माणसंसुद्धा कूस बदलून म्हणायची, "उठा, भट्टी मोकळी झाली." आई माझ्या हातात झाकण बांधलेलं पातेलं द्यायची. मी ते पोटाशी धरून, जिभेचं टोक दातांत दाबून, जपून पाऊल टाकत बेकरीच्या दाराशी जायची. तिथे सासूबाई उभ्या. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर राखेचं बोट. पातेलं घेताना त्यांनी कधी विचारलं नाही की आत काय आहे. विचारायच्या ते एवढंच, "आईची कंबर काय म्हणते?"

आमची भट्टी विटांची, लाकडावर चालणारी. पहाटे पेटते आणि दुपारपर्यंत पावाचे घाणे काढते. मग निखारे ओढून बाहेर काढले तरी विटा काही निवत नाहीत. भांडण मिटल्यावरही मनात धुसफुसणाऱ्या माणसासारख्या त्या संध्याकाळपर्यंत आतल्या आत तापलेल्या असतात. ती ऊब धुराड्यातून फुकट का घालवायची, म्हणून सासूबाईंच्याही सासूबाईंनी कधीतरी शेजारणींना हाक मारली. तेव्हापासूनचा हा रिवाज. दुपारी भांडं ठेवायचं, दिवे लागायच्या आत न्यायचं. त्याचं कुणी काही मागितलं नाही, कुणी काही देऊ केलं नाही. पण ज्या घराचं भांडं आमच्या भट्टीत शिजतं, त्या घरात दुसऱ्या दुकानाचा पाव कसा शिरेल? हे मात्र न बोलता ठरलेलं.

भांडं आत गेलं की माणूस मोकळा होतो, आणि मोकळा माणूस बोलतो. आमच्या दुकानाबाहेर एक लाकडी फळी टाकलेली आहे, तिच्यावर बसून गल्लीने काय काय निस्तरलं याला गणती नाही. इस्त्रीवाल्या आक्कांना दुकानाची जागा या फळीवर मिळाली. पाण्याची नळजोडणी अडली होती ती सुटली या फळीवरून. दोन भावांची वाटणी झाली तीसुद्धा इथेच, आणि ती झाल्यावर दोघेही एकाच भट्टीतली आपापली भांडी घेऊन एकाच रस्त्याने घरी गेले. मला कधी कधी वाटतं, पाव विकणं हे आमचं निमित्त आहे. सासूबाई पीठ मळताना गुणगुणायच्या तेही काहीसं तसंच होतं:

"लाकडाचा झाला जाळ, जाळाचा गं झाला पाव,
उरलेल्या उबेवर जगे अवघा हा गाव."

भट्टीचा नियम एकच. भांडं ज्याचं, झाकण त्याचं. आत काय आहे, किती आहे, कालचंच आहे का, याची चौकशी बेकरीने करायची नाही. "आपण धगेचे राखणदार," सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "दुसऱ्याच्या ताटाचे नाही."

आता सासूबाई नाहीत. हाक मी मारते. माझा आवाज त्यांच्यासारखा नाही, पण भुकेला सूर लागत नाही.

कामाची वाटणी अशी: आग ह्यांची, भांडी माझी. माझ्या नवऱ्याला भट्टी नाकाने कळते. चिमूटभर पीठ विटांवर टाकतात आणि करपल्याचा वास किती लवकर येतो त्यावरून सांगतात की आता पाव सरकवायचा की थांबायचं. इतर बेकरीवाले पिठाचा रंग बघतात, हे वास घेतात, कारण ह्यांना लाल, हिरवा, तपकिरी सगळं सारखंच दिसतं. लग्न ठरायच्या वेळी ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मी लाल कपडे घालून समोर बसले, तर हे म्हणाले, "हिरवा रंग तुम्हाला शोभतो हो." मला वाटलं, नवरा विनोदी मिळाला.

आणि म्हणूनच भांडी माझी. प्रत्येक घराच्या झाकणाला त्या त्या घराची चिंधी बांधलेली असते, तीच ओळख. सलूनवाल्याच्या पातेल्याला लाल चिंधी, त्याच्या जुन्या आवडत्या शर्टाची. इस्त्रीवाल्या आक्कांच्या डब्याला पांढरी, ती अर्थातच कडक इस्त्रीची. आणि कुलूपवाल्या काकांच्या निळ्या पातेल्याला हिरवी, काकूंच्या ओढणीची.

निळं पातेलं सलूनवाल्याकडेही होतं. कोपऱ्यावरच्या भांडेवाल्याने दुकान बंद करताना दोन शेवटची निळी पातेली एकाच दिवशी विकली होती, एक काकूंना, एक सलूनवाल्याच्या बायकोला.

काकू होत्या तोवर त्यांच्या पातेल्याला भट्टीत मानाची जागा होती, मागच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे ऊब सगळ्यात उशिरा मरते. त्या काय घालायच्या कोण जाणे. झाकण बांधलेलं असूनही वास असा सुटायचा की माणसं नसलेली कामं काढून बेकरीत यायची. सलूनवाला तर दाढीचा फेस लावलेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून यायचा. त्याला गल्लीत रेडिओ म्हणतात, कारण तो बंद होत नाही. "काकू," तो म्हणायचा, "तुम्ही एकदा आमच्या हिला शिकवा, मी जन्मभर काकांची दाढी फुकट करतो." त्यावर त्याची बायको म्हणायची, "आणि मी काकूंकडून शिकते, गप्प नवरा कसा मिळवायचा ते."

काका खरंच गप्प. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोबण. भिंतीवर चाव्यांचे झुपके, कानशी, तेलाची बुधली, आणि एक स्टूल, ज्यावर ते स्वतः बसत नाहीत, गिऱ्हाइकाला बसवतात. कुणाच्याही दाराशी मदतीला गेले की कुलूप उघडतात आणि दार ढकलायच्या आधीच पाठ फिरवतात. आतलं बघायचं नाही. हाही एक नियमच.

काकू गेल्या. गल्लीने करायचं ते केलं. पहिले काही दिवस रोज कुणी ना कुणी ताट घेऊन काकांच्या दाराशी. मग एके दिवशी काकांनी सगळ्यांना हात जोडले. म्हणाले, "पुरे आता. जमतंय मला. तिनं थोडंफार शिकवून ठेवलंय." आणि दुसऱ्याच दुपारी ते निळं पातेलं घेऊन माझ्यासमोर उभे. हिरवी चिंधी नीट, दोन गाठी मारून बांधलेली.

"सूनबाई, जागा आहे का?"

"तुमची जागा कुणी घेतलीय का काका कधी?"

फळीवर टेकलेल्या बायकांनी एकमेकींकडे बघून माना डोलावल्या. कौतुकाने. गडी माणूस, या वयात, स्वतःचं रांधतोय. रेडिओने तर त्या दिवशी प्रत्येक दाढीमागे ही बातमी सांगितली.

मी लांब दांड्याच्या फावडीवर पातेलं घेतलं, मागच्या डाव्या कोपऱ्यात सरकवलं, आणि थोड्या वेळाने मला कळलं.

भट्टीत भांडी बोलतात. घेवडा गुदगुल्या केल्यासारखा बुडबुडतो. बटाटे अधूनमधून धप्पकन कूस बदलतात. रस्सा दाट होत आला की हुंकार देतो, म्हाताऱ्या माणसाने गोष्ट ऐकताना द्यावा तसा. काकांचं पातेलं मात्र एकसारखं सळसळत राहिलं, हलकं, पातळ. वास नाही. मी इतकी वर्षं या दाराशी उभी आहे. ते नुसतं पाणी होतं.

पहिल्या दिवशी वाटलं, विसरले असतील. आठवड्याभराने वाटणं संपलं.

रोज संध्याकाळी काका यायचे, फळीच्या टोकाला बसायचे. आक्का कुणाचा तरी शर्ट कसा जळता जळता वाचला ते सांगायच्या, रेडिओ गावभरच्या भानगडी वाजवायचा, आणि काका ऐकायचे. मध्येच कधीतरी हसायचे. मग गरम पातेलं फडक्यात धरून, सांभाळून, जणू आत रस्सा आहे आणि सांडेल, असे घरी जायचे. बरोबर एक पाव.

मी कुणालाच सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. भांडं ज्याचं, झाकण त्याचं. पण डोळे कुठे ठेवू? काकांचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. पट्ट्याला नवीन भोक पडलं. तेही त्यांनी स्वतःच्या हत्याराने इतकं नीटस पाडलेलं की कारखान्यातूनच आलं असं वाटावं. मी त्यांच्या पावाबरोबर दुसरा एक सरकवायची. "हा जरा वाकडा झाला काका, विकता येत नाही."

तिसऱ्या-चौथ्यांदा असं झाल्यावर ते पावाकडे बघत म्हणाले, "सूनबाई, तुमच्या पावाला रोज माझ्याच वेळेला कसा काय अपघात होतो?"

मी हसले. त्यांनी वाकडा पाव परत ठेवला आणि आपला सरळ पाव घेऊन गेले.

त्यापुढे मी काही करू शकले नाही. स्पष्ट बोलावं, तर ते लाजेने या दाराशी पुन्हा उभे राहणार नाहीत. न बोलावं, तर माणूस डोळ्यांदेखत झिजतोय. माझ्या जिभेवर रोज संध्याकाळी निखारा असायचा आणि मी तो रोज गिळायची.

आणि मग पिठाची गाडी नको त्या वेळी आली.

एरवी सकाळी येणारी गाडी त्या दिवशी उशिरा आली, ऐन भांडी द्यायच्या वेळी. मी मागच्या दाराशी पोती उतरवून घेत होते. एक पोतं फाटलेलं निघालं, त्यावरून गाडीवाल्याशी माझी जुंपली. पुढे माणसं खोळंबली. हे म्हणाले, "मी देतो, त्यात काय अवघड आहे?" मी हात झाडत पुढे आले, तेव्हा भट्टी रिकामी आणि हे कमरेवर हात ठेवून उभे. "बघ, सगळी दिली. एकही सांडलं नाही."

"निळी पातेली?"

"दिली ना. लाल सलूनमध्ये, हिरवं काकांना."

त्यांच्या तोंडून 'लाल' आणि 'हिरवं' हे शब्द इतक्या आत्मविश्वासाने आले की मी तशीच दाराकडे वळले.

पाऊल उचलायच्या आत रेडिओची बायको दारात. हातात निळं पातेलं, हिरव्या चिंधीचं. सुटलेली गाठ, बाजूला सरकलेलं झाकण. तिने ते माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "वहिनी, हे बघा."

स्वच्छ पाणी. वर वाफ.

तिने चिंधीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काकूंची ओढणी तिने ओळखली. तिचा हात तोंडाकडे गेला. "रोज?" तिने नुसत्या ओठांनी विचारलं. मी खाली बघितलं.

इतक्यात दुकानात आक्का शिरल्या, मागोमाग चारसहा माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे रेडिओ. "काय गं, जेवायला बसलो तर पातेलं घेऊन पळालीस कुठे?" त्याने पाण्यात डोकावून पाहिलं. मग चिंधीकडे. मग आम्हा दोघींच्या चेहऱ्यांकडे. आक्का मान लांब करून विचारत होत्या, "काय आहे? काय झालंय?"

खोटं कशाला बोलू, मला वाटलं, आता संपलं. या माणसाच्या पोटात घोटभर पाणी राहत नाही, ही तर सगळ्या गल्लीची म्हण.

रेडिओने आधी झाकण सरकवून चिंधी तळहाताखाली घेतली. मग तोंड उघडलं.

"बघा हो मंडळी," तो सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा ओरडला, "आमच्या घरी आज पाणी शिजलंय! बाईसाहेब सकाळपासून आरशात बघत होत्या, घेवडा टाकायचाच राहिला!"

हशा पिकला. आक्का पोट धरून हसल्या. रेडिओची बायको क्षणभर थिजली. घेवडा तिचा असा की काकूंच्या मागोमाग तिचंच नाव घ्यावं, आणि तिला त्याचा अभिमान. तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. एवढ्याशा नजरेत त्या दोघांचं काय बोलणं झालं ते त्यांनाच माहीत.

"राहिला तर राहिला," ती म्हणाली. "तुम्ही रोज सकाळी अक्कल घालायची विसरता, तेव्हा मी गल्ली गोळा करते का?"

मी मनात त्या दोघांना नमस्कार केला. बडबड्या माणसाने बोलून तोंड बंद ठेवलं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

काकांच्या घरी मी एकटी गेले. दार त्यांनी अर्धंच उघडलं. मागे टेबलावर लाल चिंधीचं पातेलं, झाकण तसंच बांधलेलं. उघडून पाहायची गरजच पडली नसणार. वासाने सांगितलं असेल.

"भांडी बदलली, सूनबाई."

"हो काका. ह्यांना रंग कळत नाहीत. चुकलं."

"माझं कुणाकडे गेलं?"

"परत आलंय. आणलंय मी."

"उघडलं कुणी?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण ते माझ्या चेहऱ्याकडे कुलपाकडे बघावं तसे बघत होते, आतली कळ कुठे अडलीय ते शोधत. माझी नजर हातातल्या पातेल्याच्या सुटलेल्या गाठीवर गेली. त्यांनी लाल चिंधीचं पातेलं माझ्या हातात दिलं, आपलं घेतलं, आणि दार इतकं हळू लावलं की आवाजसुद्धा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी हाक मारली, ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. दुकान उघडत होते, पण जाता-येता मागच्या रस्त्याने, आमच्या दारावरून नाही. भट्टीचा मागचा डावा कोपरा मी रिकामाच ठेवला. कुणी म्हणालं, "तिथे माझं ठेव की," तर मी सांगायची, "तिथली वीट हललीय."

इकडे गल्लीला नवा खेळ मिळाला. रेडिओच्या बायकोला बघितलं की कुणीतरी म्हणायचंच, "ताई, आज पाण्यात मीठ तरी टाकलंत का?" ती उलट टोला द्यायची, पण हळूहळू टोला बोथट व्हायला लागला. एकदा भांडं ठेवून जाताना मला म्हणाली, "वहिनी, माझ्या आईने मला घराबाहेर पडताना दोनच गोष्टी दिल्या होत्या, एक हे तोंड आणि एक हा रांधणारा हात. हात गेला. तोंड उघडता येत नाही."

"सांगून टाकू का मी?" मी विचारलं.

"खबरदार," ती म्हणाली. "काकांचं वजन माझ्या नाकापेक्षा जास्त आहे."

अशात ती संध्याकाळ आली, जेव्हा भट्टीचं दारच उघडेना.

लोखंडी दार, त्याला आडवा अडसर. भांडी आत ठेवून मी तो सरकवला होता तेव्हाच जरा करकरला होता. आता तो कोयंड्यात असा अडकला की ह्यांनी ओढलं, मी ओढलं, दोघांनी मिळून ओढलं, हूं नाही की चूं नाही. बाहेर माणसं जमली. सगळ्या गल्लीचं रात्रीचं जेवण आत. वास दाराच्या फटीतून येतोय आणि हात पोचत नाही. पोरं रडायला लागली, मोठी माणसं सल्ले द्यायला.

"हातोडा आणतो," हे म्हणाले.

"आणा. दार वाकलं की उद्याचा पाव तुमच्या डोक्यावर भाजू."

मग कुणाच्या तरी लक्षात आलं. "याला तेल नाही का घातलं?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तेल आम्ही कधी घातलंच नव्हतं. रोज संध्याकाळी पातेलं घ्यायला आले की काका खिशातली बुधली काढून अडसराला एक थेंब सोडायचे, बोटाने पसरवायचे. बोलणं चालू असायचं, कुणाचं लक्षही नसायचं. ते यायचे थांबले आणि त्या थेंबाबरोबर दारही थांबलं.

रेडिओ एक शब्द न बोलता निघून गेला. परत आला तेव्हा मागे काका होते, हातात पिशवी. "मी काही बोललो नाही वहिनी," तो माझ्या कानाशी म्हणाला. "नुसतं सांगितलं, दार अडकलंय, माणसं उपाशी आहेत."

गर्दीने वाट दिली. काका कुणाकडे न बघता सरळ भट्टीपाशी गेले. बोटाच्या मागच्या बाजूने अडसर चाचपला, मग कोयंडा. "दोन्ही तापून फुगलेत," ते म्हणाले. "ओल्या फडक्याची घडी द्या. थेंब गळता कामा नये." मी दिली. त्यांनी ती फक्त अडसरावर धरली, कोयंड्याला लागू न देता, आजाऱ्याच्या कपाळावर धरावी तशी. चर्र आवाज आला. त्यांनी घडी बदलली. पुन्हा धरली. घाई नाही, जोर नाही. सगळी गल्ली श्वास रोखून एका म्हाताऱ्या माणसाच्या मनगटाकडे बघत होती. मला वाटलं, ज्याच्या हाताला एवढं कळतं त्याला पोटभर जेवण मिळू नये, हा कुठला न्याय?

शांतता आक्कांना कधी सोसत नाही. "काय गं," त्या रेडिओच्या बायकोला म्हणाल्या, "आज तरी काही घातलंयस ना आत? का एवढी खटपट करून पाणीच निघायचं?"

हशा झाला. ती पण हसली. पण मी काकांच्या जवळ उभी होते, मला दिसलं. फडक्यावरचा हात थांबला.

"कसलं पाणी?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"अहो, तुम्हाला माहीतच नाही? तुम्ही येत नव्हतात ना. ही त्या दिवशी घेवडा टाकायलाच विसरली! नुसतं पाणी शिजवलं. तेव्हापासून हिला पाणीवाली म्हणतो आम्ही."

काकांनी पकडीने अडसराचं टोक धरलं, एक हलका हिसका दिला, आणि तो लोण्यातून सुरी सरकावी तसा सरकला. दार उघडलं. आतली सगळी ऊब, सगळे वास एकदम अंगावर आले, आणि गल्लीने एकदम आरोळी ठोकली. काकांनी सवयीने पाठ फिरवली. आत बघायचं नाही.

मी फावडीने भांडी काढत गेले, नावं घेत गेले. आक्कांचा डबा. दोघा भावांची दोन. मग लाल चिंधीचं निळं पातेलं. रेडिओची बायको पुढे झाली तसं आक्कांनी तिचा हात धरला. "उघडून दाखव बाई, आम्ही साक्षीला आहोत!"

"सोडा हो आक्का," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं. हसत होती, पण मान वर करत नव्हती.

"आक्का."

आवाज मोठा नव्हता. पण काकांनी चारचौघांत आपणहून कुणाला हटकलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे सगळे वळले. ते भट्टीकडे पाठ करून उभे होते, उघड्या दाराची धग त्यांच्या पाठीवर.

"त्या दिवशी ह्या काही विसरल्या नव्हत्या. यांच्या घरी गेलं ते पातेलं माझं होतं."

"काका, जाऊ द्या हो," रेडिओ घाईघाईने म्हणाला, "कुठली जुनी..."

"थांब रे. तू माझ्यासाठी बोललास तेवढं पुष्कळ झालं." काकांनी पकड पिशवीत टाकली. नेम चुकला, ती खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. "ती गेल्यापासून मी रोज नळाचं पाणी भरून आणतोय. जमतंय म्हणून सगळ्यांना सांगितलं. मला काही जमत नाही. कांदा चिरायला घेतला तरी तिची सुरी कुठल्या हाताला असायची ते आठवतं, आणि मग तसाच बसून राहतो."

आक्कांनी धरलेला हात सोडला होता. त्यांचा चेहरा इतका कसनुसा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"अहो पण," त्या पुटपुटल्या, "मग रोज एवढं भरून, बांधून, इथवर का आणायचात? नुसत्या पाण्यासाठी?"

काकांनी हात पुसायला फडकं घेतलं. हात कोरडे होते, तरी ते पुसत राहिले.

"हातात भांडं नसलं," ते म्हणाले, "तर इथे कशाला आलो म्हणून सांगणार होतो?"